आज हातांनी काय केलं

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. माझी तीन बटणं गेली आहेत आणि उजवा कोपरा फुटलेला आहे. मला डोळे नाहीत. ऐकू मात्र सगळं येतं, आणि माणसं मी बोटांवरून ओळखतो.

माझी गोष्ट मारामारीची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्यातल्या काहींना वाटत असेल की लिहिण्याची गोष्ट म्हणजे शांत खोली, खिडकी आणि चहाचा कप. मी राहतो त्या माडीवरच्या खोलीत दोन खुर्च्या मोडल्या आहेत, आणि एक माणूस माझ्यावर दोन्ही हात ठेवून मार खात बसला होता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक यंत्र आमच्यातल्या काहींना वेगळं काढून दिवसभर ठोके मारत असे, कोण किती टिकतो ते पाहायला. मी टिकलो. मग जहाजातून, गाडीतून, पुन्हा जहाजातून मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर स्केलव्हिक नावाच्या बंदरात आलो. बोटीच्या तिकीटघरात एफी नावाच्या बाईंच्या हाताखाली मी चौदा वर्षं काम केलं. एफीची बोटं हलकी आणि कोरडी होती. ती दर शुक्रवारी मला ओल्या फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "तू आहेस म्हणून बोटी सुटतात रे बाबा." मला फार अभिमान वाटायचा. पुढे नवे, चपटे कीबोर्ड आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तीन वर्षं माझ्या अंगावर दोऱ्यांची भेंडोळी आणि जुनी वेळापत्रकं पडून होती. कोणी विचारलं नाही.

एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी कपाटाबाहेर धाडकन काहीतरी आपटलं.

"थॉर्फिन, हे यंत्र आहे की कोणाचा जबडा?" एफी ओरडली.

"शब्द येत नाहीत गं," जाड, घोगरा आवाज म्हणाला.

"मग मारून आले का?"

"नाही आले."

थॉर्फिन ड्रेव्हर गडगे बांधायचा. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसवून मेंढरांच्या कुरणांना कुंपण घालायचं, हेच काम तो साठाव्या वर्षीही करत होता. त्याच्या मुलीने त्याला आपला जुना लॅपटॉप दिला होता, आणि पहिल्याच संध्याकाळी त्याने त्यावर बुक्की मारली होती. सगळी बटणं आत गेली होती.

एफीने मला बाहेर ओढलं, माझ्यावरची धूळ फुंकली. "हा घे आणि जोड त्याला. चौदा वर्षं याने चिडलेले प्रवासी ऐकलेत. तुझ्या एका बुक्कीने मरायचा नाही."

तेव्हा ते हात पहिल्यांदा माझ्यावर टेकले. मी हादरलोच. बोटं कुदळीच्या दांड्याएवढी जाड. तीन बोटं कधीतरी मोडून वाकडी जुळलेली. तळव्याची कातडी खरखरीत, आणि सांध्यांवर ताज्या खपल्या. हे हात कोणाला तरी नुकतेच मारून आले होते.

कोणाला, ते मला एकोणिसाव्या दिवशी कळलं, त्याने स्वतःच लिहिलं तेव्हा. तुम्हाला मात्र आत्ताच सांगतो.

आमच्या गावात माणसांचे दोनच तट आहेत, वरची आळी आणि खालची आळी. दर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता चर्चसमोर चामड्याचा एक जड चेंडू गर्दीत फेकतात. वरच्यांनी तो गावाच्या जुन्या वेशीला टेकवायचा, खालच्यांनी बंदराच्या पाण्यात टाकायचा. दोनशे-तीनशे पुरुष एकाच ढिगात घुसतात. दुकानदार आदल्या दिवशीच खिडक्यांवर फळ्या ठोकतात. फासळ्या मोडतात, दात पडतात, पण कोणी तक्रार करत नाही. खेळातलं खेळात राहतं, बाहेर बोलायचं नाही, असा रिवाजच आहे. आणि तुम्ही कुठल्या आळीचे, हे तुमचा जन्म कुठे झाला त्यावरून ठरतं.

थॉर्फिन खालच्या आळीचा. त्याच्या मुलीचा, इंगाचा, नवरा अर्लेंड वरच्या आळीचा. दोघं शेजारच्या बेटावर राहतात. त्यांना मुलगी झाली, सुनिव्हा. ती चार दिवसांची असताना आजोबा भेटायला गेला. जेवणाच्या टेबलावर अर्लेंड सहज म्हणाला, "जन्म दवाखान्यात झाला, दवाखाना वरच्या आळीत. म्हणजे पोर वरची!"

"तो दवाखाना बांधला ती जमीन आमच्या खालच्या आळीची होती," थॉर्फिन म्हणाला.

"होती! आता नाही ना?"

एवढ्यावरून थॉर्फिनने जावयाच्या तोंडावर बुक्की मारली. गालाचं हाड मोडलं. अर्लेंड टेबलासकट पडला, काचेचं भांडं उडालं आणि बाळाच्या पाळण्यात फुटलं. काचेचा एक लांब तुकडा सुनिव्हाच्या उशीत रुतला, तिच्या कानापासून चार बोटांवर.

इंगाने बापाला दाराबाहेर काढलं आणि दोन दिवसांनी लॅपटॉप घेऊन ती स्केलव्हिकला आली. ती म्हणाली, "बाबा, त्या हातांनी तू तिला शिवायचं नाहीस. रोज संध्याकाळी लिहायचं, आज हातांनी काय केलं. नव्वद दिवस. एक दिवस चुकला नाही आणि एक अक्षर खोटं नसलं, तर मी स्वतः तिला तुझ्या हातात देईन."

"वहीत लिहितो."

"वहीत तू मागच्या तारखा घालशील. मी ओळखते तुला. सगळ्या जगाला दिसेल असं इंटरनेटवर लिही."

मित्रांनो, ही होती त्याची पणाला लागलेली गोष्ट. बक्षीस नाही, नाव नाही. फक्त एक नात हातात घ्यायची होती.

पहिल्या दिवशी त्याने चाळीस मिनिटांत तीन शब्द लिहिले. "आज गडगा बांधला." माझ्यावर घामाचे थेंब पडले. दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यावर मूठ आपटली आणि एफीला बोलावून आणलं. एफी सहा वर्षं बंदरावरच्या पक्ष्यांबद्दल रोज लिहीत होती. तिचे वाचणारे किती, तर एकतीस.

"माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही," तो म्हणाला.

"गडगा बांधताना दगड नसला तर काय करतोस?"

"नसतो कसा? पायाशी असतातच. हातात येईल तो उचलायचा. आणि एकदा उचलला की खाली ठेवायचा नाही. त्याची जागा शोधायची."

"मग शब्दांचं वेगळं काय आहे, गाढवा? रोज पाचला बस. काही सुचलं नाही तर हवा कशी होती ते लिही. लांब नको, चांगलंही नको. रोज हवं."

तो रोज पाचला बसू लागला. पुढे पुढे मला त्याची पावलं ओळखू येऊ लागली. बूट दाराशी, हात बेसिनमध्ये, मग खुर्चीचं करकरणं. "आज एका दगडाखाली मुंग्यांचं घर निघालं. दगड परत ठेवला. हा एकच दगड मी परत ठेवतो." "आज अंगठा चेचला. शिवी दिली. दगडाला." त्याचे ठोके हळूहळू हलके झाले. त्याला स्वतःला ते कळलं नसेल, मला कळलं.

बाविसाव्या दिवशी मात्र वेगळंच झालं. त्याने तरुणपणीच्या एका खेळाची हकिगत लिहिली. ढिगाखाली त्याने वरच्या आळीच्या दोघांना कसं गाडलं, कोणाचा कान कसा फाटला, सगळं. दुसऱ्या दिवशी एफीने वाचून दाखवलं, चारशे लोकांनी वाचलं होतं! "वाघ आहेस म्हाताऱ्या!" "अजून सांग!" मग काय, रोज मारामाऱ्या सुरू झाल्या. नाकं फुटत होती, रक्त सांडत होतं आणि माझ्यावरचे ठोके पुन्हा जड होत होते. आठवड्याने इंगाची एक ओळ आली. "हे आजचे हात नाहीत, बाबा. चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत. हे दिवस मी धरू का नको?"

 मग त्याने लिहिलं, "आज बटाटे सोलले." वाचणारे चारशेवरून अकरावर आले.

असे पासष्ट दिवस झाले. सहासष्टावा दिवस नव्या वर्षाचा पहिला होता.

खेळायचं नाही असं इंगाने म्हटलं नव्हतं. तीही त्याच गावची. खेळात मारलेलं ते मारणं नव्हेच, असं आमच्याकडे आजीपासून पोरापर्यंत सगळे मानतात. थॉर्फिन गेला. दूरवरून दिवसभर गर्जना ऐकू येत होती, आणि मध्येच फळ्यांवर माणसं आपटल्याचा आवाज. तो आला तेव्हा सात वाजले होते. त्या दिवशी त्याने हात धुतले नाहीत. माझ्यावर चिखल आणि रक्त लागलं. रक्त त्याचं नव्हतं.

त्याने एका दमात लिहिलं. मासळी बाजाराच्या गल्लीत ढीग भिंतीला अडकला होता. रेटारेटीत तो आणि अर्लेंड समोरासमोर आले. अर्लेंडचे दोन्ही हात गर्दीत दाबले गेले होते, त्याला ते वर काढता येत नव्हते. गालाचं हाड नुकतंच जुळलेलं. तो हसून म्हणाला, "सासरेबुवा, या वर्षी चेंडू आमचा." आणि थॉर्फिनने मारलं. एकदा नाही, तीनदा. चेंडू तिथे नव्हताच. अर्लेंडचे डोळे फिरले, तरी गर्दीने त्याला पडूही दिलं नाही. तो उभ्या उभ्याच बेशुद्ध झाला. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर बोलणार नाही.

हे सगळं माझ्यातून गेलं, मित्रांनो. एकेक अक्षर. मग त्याचं बोट पुसायच्या बटणावर आलं आणि तिथेच दाबून राहिलं. शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत सगळं गेलं. त्याच्या जागी त्याने लिहिलं, "आज खेळलो. खेळ चांगला झाला." मला ते बटण अडवता आलं असतं तर मी अडवलं असतं. पण कीबोर्डला तेवढी ताकद नसते.

अर्लेंडनेही घरी सांगितलं की भिंतीवर आपटलो, त्यात दोन दात गेले. त्यालाही रिवाज होताच. म्हणजे खरं काय ते त्या दोघांना आणि मला ठाऊक होतं.

पुढचे चार दिवस थॉर्फिनने फक्त हवा लिहिली. वारा, पाऊस, वारा, गारा. पाचला बसायचा, साडेसहाला उठायचा, आणि त्या दीड तासात माझ्यावर दोनच शब्द पडायचे. सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. नव्वदला आता वीसच दिवस उरले होते. गप्प बसला असता तर नात मिळाली असती.

एकाहत्तराव्या दिवशी तो वेळेवर बसला. त्याने लिहिलं, "सहासष्टाव्या दिवशी मी खोटं लिहिलं." आणि मग गल्ली, भिंत, दाबलेले हात, तीन बुक्क्या. शेवटी एक ओळ. "ज्याला हात वर काढता येत नव्हता त्याला मी मारलं." या वेळी त्याने काही पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला तो बसला आणि दार लाथेने उघडलं. तीन माणसं आत आली. पुढे स्कार्थ होता, खालच्या आळीचा म्होरक्या, थॉर्फिनचा चाळीस वर्षांचा मित्र.

"पुसून टाक ते," स्कार्थ म्हणाला.

"नाही."

"थॉर्फ्या, तुझ्या बापाचे चार दात खेळात गेले. त्याने कधी कोणाचं नाव घेतलं?"

"मीही नाही घेतलं. माझं स्वतःचं घेतलं."

"अरे, आज तू तुझं घेतलंस, उद्या गावातल्या बायका विचारतील, तुम्ही काय केलं ते सांगा! पोलीस विचारतील! बंद पडेल खेळ!"

"विचारू देत."

पहिला फटका मानेवर बसला. त्याच्या दहाही बोटांनी मला घट्ट धरलं. मला वाटलं आता हे हात उठणार. मी ते हात ओळखत होतो, मित्रांनो. ते उठले असते तर त्या खोलीतून एखादा माणूस चालत बाहेर गेला नसता. एक खुर्ची त्याच्या पाठीवर मोडली. दुसरी फासळ्यांवर. कोणीतरी त्याचं तोंड टेबलावर आपटलं. प्रत्येक फटक्याला त्याची बोटं माझ्यात आणखी रुतायची आणि पडद्यावर वेड्यावाकड्या अक्षरांच्या रांगा उमटायच्या.

"मार की रे!" स्कार्थ ओरडत होता, आणि त्याचा आवाज चिरकला होता. "मार ना मला! असा काय बसलायस?"

"लिहितोय," थॉर्फिन म्हणाला. तोंडातून रक्त येत असल्यामुळे ते नीट ऐकूही आलं नाही.

स्कार्थने मला त्याच्या हातांखालून उपटलं आणि भिंतीवर फेकलं. माझा कोपरा तेव्हा फुटला. तीन बटणं उडाली. एक बाणाचं, एक पाचच्या आकड्याचं आणि एक अक्षराचं, ज्याच्या जागी तो अजून काडीने टोचतो. मग पावलं बाहेर गेली.

थॉर्फिन गुडघ्यांवर रांगत माझ्यापर्यंत आला. त्याने मला उचलून पुन्हा जोडलं आणि लिहिलं, "आज हातांनी काही केलं नाही."

त्या संध्याकाळी अर्लेंडचा फोन आला. तो इतका ओरडत होता की मला टेबलावरून ऐकू येत होतं. "मी गप्प बसलो होतो ना! दात पाडलेत ते पाडलेत, आता बायकोसमोर तोंडघशीही पाडलंत! इंगा माझ्याशीही बोलत नाहीये!"

"चूक माझी आहे," थॉर्फिन म्हणाला.

"ते सगळ्या जगाने वाचलंय!" मग अर्लेंडने विचारलं, "सासरेबुवा, आवाज असा का येतोय तुमचा? कोणी मारलं?"

"गडग्यावरून पडलो," तो म्हणाला. मग लगेच, "नाही. स्कार्थने मारलं."

इंगा दुसऱ्या दिवशीच्या बोटीने आली. एकटीच. तिने त्याच्या फासळ्या बांधल्या, ओठांवरचं रक्त पुसलं, आणि मोडक्या खुर्च्या बाहेर नेऊन टाकल्या. 

"किती दिवस राहिले?" त्याने शेवटी विचारलं.

"नव्वद."

"इंगा, त्र्याहत्तर झाले."

"सहासष्टावा खोटा होता. एक अक्षर खोटं नको, असं म्हटलं होतं मी."

"पण नंतर खरं लिहिलं ना? मार खाऊन लिहिलं."

"म्हणून तर पुन्हा मोजतेय. नाहीतर मोजलंच नसतं." मग ती म्हणाली, "बाबा, ती काच मी काढली होती उशीतून. माझ्या हातांनी. मला नव्वद दिवस हवेत."

तो हुज्जत घालेल असं मला वाटलं. त्याने मला जवळ ओढलं आणि लिहिलं, "दिवस पहिला."

त्या नव्वद दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच मला सांगायचं आहे. गावात दोन महिने एफीशिवाय त्याच्याशी कोणी बोललं नाही. त्याच्या अर्ध्या बांधलेल्या गडग्याचे दगड कोणीतरी उपसून चिखलात फेकले. त्याने ते धुऊन पुन्हा बसवले, आणि पाचला तेवढंच लिहिलं. एके दिवशी दाढ दुखत होती, एके दिवशी ताप होता, एके दिवशी वादळाने वीज गेली तेव्हा तो लॅपटॉप आणि मला काखेत मारून तिकीटघरात गेला आणि एफीच्या बॅटरीवर दोन ओळी लिहून आला. चांगलं लिहिलं की वाईट, हे त्याने विचारणं सोडलं होतं. वाचणारे किती, हेही. मार्चमध्ये स्कार्थ एकदा दाराशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "फासळ्या बऱ्या आहेत का?" थॉर्फिन म्हणाला, "शिंकताना दुखतात." स्कार्थ म्हणाला, "शिंकू नकोस मग." एवढंच. तेही त्याने लिहिलं.

नव्वदावा दिवस एप्रिलमध्ये आला. पाच वाजले. खुर्ची करकरली नाही. साडेपाच झाले, सहा झाले. मी खरंच घाबरलो. आजच चुकला तर?

मग खालून दार वाजलं. इंगाचा आवाज आला, "आधी हात धू." पाणी बराच वेळ वाहत होतं. "अजून धू, नखांत माती आहे." पुन्हा पाणी. "बस इथे. कोपर वर. मानेखाली हात घाल. असं नाही, असं." आणि अर्लेंड म्हणाला, "घाबरताय काय, सासरेबुवा? दगडापेक्षा हलकी आहे." त्यानंतर कोणीतरी नाक ओढलं. ते बाळ नव्हतं.

सात वाजता जिना हळूहळू वाजला. खुर्ची करकरली. माझ्यावर एकच हात आला, डावा. डाव्या हाताला लिहायची सवय नव्हती, एकेक अक्षर शोधत तो इतकं हलकं दाबत होता, की काही बटणं दाबलीच गेली नाहीत आणि त्याला ती पुन्हा दाबावी लागली.

"आज उजवा हात रिकामा नाही. बाकीचं उद्या."

मित्रांनो, मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. तुमच्या टेबलावर माझ्यासारखं जे काही असेल, कीबोर्ड, पेन्सिल, घासून गुळगुळीत झालेला फोन, त्याच्याकडे रोज ठरल्या वेळी या. राग घेऊन आलात तरी चालेल, आम्ही ठोके सोसायलाच बनलो आहोत. आम्हाला कपाटात मात्र ठेवू नका. आणि लिहिताना हातून एखादी खरी ओळ निसटली, तिची कितीही लाज वाटली, तरी ती पुसण्याआधी जरा थांबा. खाली एखादं पोर तुमच्या हातांची वाट पाहत असेल.